वहिनी, नक्की किती वाजता?

जानेवारी २०२४ मधल्या एका मंगळवारी पहाटे पाच वाजता माझे यजमान गेले. साडेपाचपर्यंत गल्ली दारात जमली, सहाला दीर आले. टोपी हातात घेऊन ते माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, "वहिनी, पोरगा नक्की किती वाजता पोचेल? लोकांना काय सांगू?"

मुलगा अमेरिकेत फ्रीमॉन्टला असतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळापासून ते गाव पंचेचाळीस-पन्नास किलोमीटर आहे. मी श्रीरामपुरात एकतीस वर्षं भूगोल शिकवला. मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को हे अंतर मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं: सरळ धरलं तर साडेतेरा हजार किलोमीटर. डिसेंबर २०२२ मध्ये एअर इंडियाचं मुंबईहून थेट सॅन फ्रान्सिस्कोला विमान सुरू झालं, तेव्हा आमच्या ह्यांनी अर्ध्या गावाला सांगितलं होतं की आता एका उडीत, सोळा तासांत. त्यामुळे तो सोळाचा आकडा गल्लीत सगळ्यांना पाठ होता. दिरांनी बोटांवर हिशेब केला. पहाटेचे पाच आणि सोळा, म्हणजे रात्रीचे नऊ. रात्री नको, उद्या सकाळी आठला उचलू. नेवाशाला, वैजापूरला, राहुरीला फोन गेले: बुधवारी सकाळी आठ.

मी तिथेच बसले होते. मला तो हिशेब चुकीचा आहे हे कळत होतं, पण बरोबर उत्तर काय, हे मलाही सांगता आलं नाही. भूगोलाच्या बाईला आयुष्यात अंतराचा एकच प्रश्न खरोखर निकडीचा विचारला गेला आणि तिच्याजवळ उत्तर नव्हतं.

मुलगा बुधवारी दुपारी तीनला पोचला. सकाळी आठला आलेली माणसं सात तास मांडवात बसून होती. प्रेत घरात असताना चूल पेटत नाही. शेजाऱ्यांनी चहा फिरवला, कोणी मुलांना बाजूला नेऊन बिस्किटं दिली, पण म्हाताऱ्या माणसांनी पाण्यापलीकडे काही घेतलं नाही. माझ्या मोठ्या नणंदेला साखरेचा आजार. दुपारी एकच्या सुमारास त्यांना घाम सुटला, जीभ जड झाली. शेजारच्या सुनेनं तोंडात साखर घातली म्हणून निभावलं. अमरधामातून परत यायला संध्याकाळचे सहा झाले. नेवाशाची मंडळी टेम्पोतून आली होती, ती अंधारात परत निघाली. कोणीही एका शब्दानं तक्रार केली नाही. त्यांनी केली नाही, म्हणून मी ती आज करते आहे.

दहाव्याचं सगळं उरकल्यावर मी मुलाला समोर बसवलं आणि कालनिर्णयच्या पानामागे तासांचा हिशेब लिहून घेतला. माझा फोन गेला तेव्हा तिकडे सोमवारची दुपार, साडेतीन. हिवाळ्यात आपल्यात आणि त्यांच्यात साडेतेरा तासांचा फरक असतो, उन्हाळ्यात साडेबारा. त्या रात्री थेट विमान नव्हतं. त्यानं दुबईमार्गे जागा मिळवली, अंगावरच्या कपड्यांनिशी निघाला, आणि विमान सुटलं तेव्हा फोनला साडेचार तास झाले होते. दुबईपर्यंत सोळा तास. दुबईला साडेतीन तास बसून राहिला. दुबई ते मुंबई तीन तास. मुंबईला पासपोर्टच्या रांगेतून बाहेर पडायला एक तास, तोही हातात फक्त एक पिशवी होती म्हणून. आणि मुंबई ते श्रीरामपूर, भाड्याच्या गाडीनं, सहा तास. एकूण चौतीस. त्यांतले हवेतले एकोणीस, उरलेले पंधरा जमिनीवरचे.

सहा तासांच्या त्या आकड्याखाली मी दोन रेघा मारल्या. मुंबई विमानतळ ते आमचं घर सरळ रेषेत दोनशे किलोमीटरही भरत नाही. रेखावृत्तांच्या हिशेबानं आमच्या माथ्यावर आलेला सूर्य मुंबईच्या माथ्यावर जायला सात मिनिटं घेतो. दुबईपर्यंतचे तेरा हजार किलोमीटर मुलानं ताशी आठशेच्या वेगानं कापले आणि गावाकडचे दोनशे साठ त्रेचाळीसच्या.

माझे वडील हरेगावच्या साखर कारखान्यात टाइमकीपर होते. बेलापूर कंपनीचा भोंगा झाला की आमच्या लाइनीतली घड्याळं लावली जायची. वडिलांचा एक नियम होता. माणूस गेटातून आत आला ती त्याची हजेरीची वेळ त्यांनी कधी धरली नाही. तो आपल्या यंत्रापाशी उभा राहिला, की त्यांची पेन्सिल टेकायची. गेट ते यंत्र हे अंतर मोठ्या कारखान्यात दहा मिनिटांचं असतं आणि ती दहा मिनिटं कोणाच्या नावावर लिहायची, यावरून भांडणं होत. विमानतळ ते विमानतळ असा तास मोजणं म्हणजे गेट ते गेट मोजणं आहे. गेटाशी कोणी राहत नाही. तिकिटावर सोळा छापलेले असतात, जाहिरातीत सोळा असतात, नेत्यांच्या भाषणांतही सोळाच असतात, आणि मग एखाद्या मंगळवारी सगळा गोतावळा त्या सोळावर विसंबून बसतो.

आता जे आपल्या हातात नाही, ते आधी बाजूला ठेवते. ते मला वर्गात शिकवायला सर्वांत आवडायचं.

शाळेत लोखंडी स्टँडवरचा एक पृथ्वीगोल होता, इतका जुना की त्याच्यावर शेवटपर्यंत सोव्हिएत युनियनच छापलेलं होतं. नववीच्या वर्गात मी एका मुलाला शिवणाचा दोरा द्यायचे. एक टोक मुंबईवर धर, दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर, आणि ताण. त्याआधी विचारायचे, दोरा कुठून जाईल? भिंतीवरचा सपाट नकाशा पाहून मोठी झालेली मुलं एका सुरात सांगायची: अरबी समुद्र, युरोप, अटलांटिक. मग दोरा ताणला जायचा आणि वर्ग गप्प व्हायचा. दोरा सरळ उत्तरेला चढायचा. हिमालय, मग सायबेरिया, मग आर्क्टिक महासागराची कड, तिथून अलास्कावरून खाली कॅलिफोर्निया. कारण मुंबई आणि सॅन फ्रान्सिस्को पृथ्वीच्या जवळजवळ समोरासमोरच्या बाजूंना आहेत. पूर्वेनं गेलं काय, पश्चिमेनं गेलं काय, सारखंच लांब, आणि जवळची वाट पृथ्वीच्या डोक्यावरून. जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अगरवाल आणि त्यांच्या सहकारी महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळुरूला विमान आणलं, तेही उत्तर ध्रुवावरून, तेव्हा मी निवृत्त झाले होते. तरी माझ्या जुन्या विद्यार्थ्यांचे फोन आले: "बाई, तुमचा दोरा!"

पण कमी अंतर म्हणजे कमी वेळ असंही नसतं, आणि हे मला दोऱ्यानं कधी शिकवता आलं नाही. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट वारे वाहतात, हिवाळ्यात फारच जोरात. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियानं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमानाची वाट बदलली. अटलांटिकवरून जाणारं विमान पॅसिफिकवरून नेलं. वाट चौदाशे किलोमीटरनी लांबली, तेरा हजार नऊशेची पंधरा हजार तीनशे झाली, आणि तरी विमान जवळजवळ दोन तास आधी पोचलं, कारण वारा पाठीशी होता. होडीवाल्याला हे कळतं. प्रवरेला कालव्याचं पाणी सुटलेलं असताना पोहलेल्या पोरालाही कळतं. आम्ही पुस्तकात मात्र अंतर आणि वेळ यांना एकाच गणितात बांधतो.

आकाशातही दारं बंद होतात. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानचं आकाश आपल्या विमानांना बंद झालं आणि दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणाऱ्यांचे तास वाढले. त्याआधी जून २०२३ मध्ये दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं एक विमान इंजिनातल्या बिघाडामुळे रशियाच्या मगादानला उतरवावं लागलं होतं, दोनशे सोळा प्रवासी घेऊन. आमचे हे तेव्हा हयात होते. मुलगा त्या विमानात नव्हता, तरी त्यांनी शाळेतून निकालात निघालेला तो जुना गोल, जो मी घरी आणला आहे, टेबलावर घेतला आणि भिंग लावून मगादान शोधून काढलं. बराच वेळ बोट तिथेच ठेवून बसले होते.

आणि एक गोष्ट आपण मनाशी पक्की केली पाहिजे. हवेतला वेग आता वाढत नाही. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून लंडनला निघालं ते कैरो आणि जिनिव्हाला थांबत गेलं. ते पंख्याचं विमान होतं. १९६० मध्ये जेटचं बोइंग ७०७ आलं, एअर इंडिया न्यूयॉर्कला जाऊ लागली, आणि ताशी नऊशे किलोमीटरच्या आसपासचा वेग आला. साठ वर्षांहून अधिक काळ लोटला, विमानं लांब पल्ल्याची झाली, कमी तेल खाऊ लागली, मधले थांबे गेले. वेग तेवढाच आहे. सिंगापूर ते न्यूयॉर्क हे आज जगातलं सर्वांत लांब पल्ल्याचं विमान पंधरा हजार तीनशे किलोमीटरला साडेअठरा तासांच्या आसपास घेतं. माझ्या नातवंडांनाही तेवढेच तास लागणार आहेत. म्हणजे चौतीस तासांतले एकोणीस आपण पृथ्वीला आणि वाऱ्याला देऊन टाकले. कमी होऊ शकतात ते पंधरा, आणि त्यांतले बरेच आपल्या अंगणातले आहेत.

अंतर आणि वेळ आपल्या गावापासून मोजण्यासाठी आपल्या जुन्या ज्योतिषगणितात एक शब्द होता, देशांतर. आज आपण तो परदेशी जाण्यासाठी वापरतो, पण गणितात तो उज्जैनीच्या रेषेपासून आपलं गाव किती पूर्वेला किंवा पश्चिमेला आहे, त्याचा फरक. योजनांत मोजायचा आणि घटिका-पळांत उतरवायचा. बाराव्या शतकातल्या भास्कराचार्यांनी 'सिद्धांतशिरोमणी'त पृथ्वीचा परीघ ४९६७ योजनं दिला आहे आणि त्यावरून हे देशांतराचं गणित चालतं. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला त्यांच्या घराण्याचा शिलालेख आहे, आम्ही शाळेची सहल नेली होती. मला त्या शब्दाचं फार अप्रूप वाटतं, कारण त्यात गाव मध्यभागी आहे. प्रत्येक गावानं आपलं देशांतर आपणच काढायचं. उज्जैनीचा वेळ उज्जैनीकरांसाठी. बेलापूरकराला सूर्य कधी दिसेल, ते बेलापुरातून मोजायचं.

बेलापूर म्हटलं की आणखी एक आठवतं. आमच्या श्रीरामपूरच्या स्टेशनच्या पाटीवर बेलापूर लिहिलेलं वाचतच आम्ही मोठे झालो. दौंड–मनमाड लोहमार्ग १८७८ मधला, तेव्हा गाव होतं बेलापूर, काही किलोमीटरवर, प्रवरेकाठी. स्टेशनाभोवती पुढे जे वाढलं ते श्रीरामपूर. मुलाच्या लग्नाला मुंबईकडची एक मंडळी नवी मुंबईच्या बेलापूरला शोधत बसली होती. शिर्डीचं विमानतळही शिर्डीत नाही, कोपरगाव तालुक्यातल्या काकडीला आहे, आणि आम्ही त्याला काकडीच म्हणतो. सॅन फ्रान्सिस्कोचं विमानतळसुद्धा त्या शहरात नाही, दक्षिणेला शेजारच्या सॅन मॅटिओ काउंटीत आहे. पाटीवरचं नाव आणि माणसाचं दार यांच्यात सगळीकडेच अंतर असतं. फ्रीमॉन्ट ते त्यांचं विमानतळ पंचेचाळीस-पन्नास किलोमीटर. काकडी ते माझं घर, तेही साधारण तेवढंच. नकाशावर दोन्ही टोकं अगदी सारखी आहेत.

काकडीच्या विमानतळाचं उद्घाटन १ ऑक्टोबर २०१७ रोजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते झालं, तेव्हा आम्ही दोघं टीव्हीसमोर होतो. पहिलं विमान मुंबईला गेलं. हे म्हणाले, "आता पोरगा पंचेचाळीस किलोमीटरवर उतरेल." ते साईबाबांच्या दर्शनाला येणाऱ्यांसाठी बांधलं, हे खरं, आणि त्यात काही वावगं नाही. पण विमानतळ ज्या जमिनीवर उभं राहतं त्या जमिनीचाही त्यावर हक्क असतो. श्रीरामपूर, राहाता, राहुरी, संगमनेर, कोपरगाव, नेवासा, वैजापूर, येवला, सिन्नर इथून किती घरांतली मुलं बाहेर आहेत, हे कोणत्याही लग्नात पहिल्या पंगतीला कळतं. ती सगळीच कॅलिफोर्नियात संगणकावर बसलेली नाहीत. आमच्या मागच्या आळीतला एक मुलगा आखातात वेल्डर आहे, एक ट्रेलर चालवतो. त्यांच्या आईबापांना तर भाड्याची गाडी मुंबईपर्यंत करणं म्हणजे महिन्याचं रेशन.

२०२४ च्या जानेवारीत काकडीला रात्री विमान उतरत नव्हतं. मार्च २०२५ अखेर नाईट लँडिंग सुरू झालं, ही मोठीच गोष्ट झाली. म्हणून मागच्या दिवाळीला मुलगा, सून आणि दोन नातवंडं मुद्दाम हैदराबादमार्गे आली. मी नवं पान काढून ठेवलं होतं. घरून निघाल्यापासून विमानात बसेपर्यंत चार तास. आखातापर्यंत सोळा. तिथे पाच तास थांबा. हैदराबादपर्यंत साडेतीन. हैदराबादला ते पहाटे सहाला उतरले. परदेशातून आल्यावर पहिल्या विमानतळावर सामान ताब्यात घेऊन कस्टम पार करावं लागतं, ते केलं, आणि मग दोन झोपाळलेली पोरं सामानाच्या ट्रॉलीवर टाकून शिर्डीच्या विमानाची वाट पाहत बसले. आठ तास. पुढचं विमान जेमतेम दीड तासाचं. काकडीहून घरापर्यंत सव्वा तास आणि वर थोडं. बेरीज चाळीस तासांना टेकली. मुंबईहून आले असते तर लवकर पोचले असते.

हे मी लपवत नाही, कारण मुद्दा इथेच आहे. धावपट्टी झाली, दिवे लागले, विमान आलं, आणि तरी तास वाचले नाहीत. ते वाचत नाहीत कारण विमानांच्या वेळा एकमेकींना धरून नाहीत. आखाताकडून आणि युरोपकडून येणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर ते पहाटेपर्यंत उतरतात, जाणारीही बरीच त्याच सुमारास सुटतात. मग काकडीला येणारं एक विमान हैदराबादहून किंवा बंगळुरूहून सकाळी आठ-नऊला सुटलं पाहिजे, आणि काकडीहून एक संध्याकाळी असं निघालं पाहिजे की मध्यरात्रीचं परदेशी विमान गाठता येईल. जाताना सामान काकडीला टाकलं की थेट परदेशात मिळावं, म्हणजे म्हाताऱ्या आईबापांना मधल्या विमानतळावर तेवीस-तेवीस किलोच्या बॅगा ओढाव्या लागणार नाहीत. यात नवी धावपट्टी बांधायची नाही, एक वीटसुद्धा लावायची नाही. वेळापत्रक करणाऱ्यांनी आमच्या तालुक्यांकडे एकदा प्रवासी म्हणून पाहायचं आहे.

दुसरं मागणं रस्त्याचं. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि ७०१ किलोमीटर पुरे झाले. दिवाळीनंतर मुलं परत गेली ती मुंबईमार्गे. घर ते विमानतळ पावणेपाच तास. सहाचे पावणेपाच झाले, मी ते आनंदानं लिहून ठेवलं आहे. पण मुलानं गाडीत बसून फोनवरून मला वेळा सांगितल्या, त्या बघा. समृद्धीवरचे जवळजवळ दोनशे किलोमीटर दोन तासांच्या आत. आमच्या दारापासून समृद्धीला लागेपर्यंतचे पन्नास किलोमीटरही नसतील, त्यांना सव्वा तास. मुंबईत शिरल्यावरचे शेवटचे चाळीस, दीड तास. मुंबईचं मुंबईकर बघतील. बाभळेश्वरकडचा रस्ता आणि नगर–मनमाड रस्ता यांचं मात्र आम्हालाच बोललं पाहिजे. गळीत हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर रात्री या रस्त्यांवर असतात, मागे दिवा नसतो, परावर्तक नसतो, असला तर चिखलानं झाकलेला. ऊस आमचा आहे, ट्रॅक्टर आमचे आहेत. हंगाम सुरू होताना प्रत्येक ट्रॉलीला मागून लाल पट्टी लागली आहे का, हे कारखान्याच्या काट्यावरच तपासता येतं. ज्या ट्रॉलीचं वजन होतं त्या ट्रॉलीची पाठही दिसतेच.

यावर कोणी म्हणेल, अमेरिकेला जाणाऱ्यांसाठी रस्ते कशाला मागता, गावात काय कमी प्रश्न आहेत? मी हे स्वतःला बरेचदा विचारलं. पण रात्री दोनला छातीत कळ आलेला माणूस लोणीच्या रुग्णालयात नेतात तो बाभळेश्वरवरूनच. कांदा घेऊन निघालेला टेम्पो, परीक्षेला निघालेली पोरगी, शिर्डीला फुलं पोचवणारा माणूस, सगळे त्याच पन्नास किलोमीटरांत अडकतात. विमानवाला त्यांच्यातलाच एक आहे. त्याच्याजवळ तिकीट असतं म्हणून त्याचे तास मोजता येतात, एवढाच फरक. त्याच्या निमित्तानं मोजले गेले, तर बाकीच्यांचेही मोजले जातील.

तिसरं, एसटी. श्रीरामपूर, राहुरी, संगमनेर आणि नेवासा इथून काकडीला विमानाच्या वेळा बघून जाणारी, आणि विमान उशिरा आलं तर थांबणारी गाडी हवी. रेल्वे उशिरा आली की टांगेवाले थांबायचे, हे मी लहानपणी स्टेशनवर पाहिलं आहे. आखातातून दोन वर्षांनी येणाऱ्या वेल्डरला विमानतळाच्या दारात त्याच्या गावची पाटी लावलेली लाल गाडी दिसावी, इतकंच.

परदेशातल्या मुलामुलींनाही मला काही सांगायचं आहे. आईवडिलांना विमानाचे तास सांगू नका, दाराचे सांगा. तुमच्या कुलपापासून आमच्या उंबऱ्यापर्यंत, थांब्यासकट, रांगेसकट, घाटासकट. थेट विमान कोणत्या वारी असतं, ते नसेल तर दुसरी वाट कोणती, आयत्या वेळी तिकीट कोण काढेल, मुंबईला गाडी घेऊन कोण उभं राहील, हे एका कागदावर लिहून इकडे कोणाकडे तरी देऊन ठेवा. अभद्र वाटतं, मला माहीत आहे. माझा मुलगाही पहिल्यांदा "आई, हे कशाला आत्ता?" म्हणून उठून गेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच पेन घेऊन आला.

तो कागद मी दिरांना दिला आहे. त्यावर दोन ओळी आहेत. थेट विमान मिळालं तर घरापासून घरापर्यंत अठ्ठावीस तास, नाही मिळालं तर चौतीस ते छत्तीस. खाली मी माझ्या अक्षरात तिसरी ओळ घातली: लोकांना पोरगा कसाऱ्याच्या अलीकडे आल्याशिवाय बोलावू नये, आणि तोवर घरात चूल पेटवावी, पिठलं-भाकरी का होईना, सगळ्यांना, आणि वन्संना आधी, जेवायला घालावं. दिरांनी कागद वाचला, चष्मा पुसला. "वहिनी, चूल कशी पेटवायची? रीत नाही," म्हणाले. मी म्हटलं, "भाऊजी, रीत झाली तेव्हा सगळी माणसं एका दिवसाच्या चालीत राहत होती." त्यांनी कागदाची घडी केली आणि टोपीच्या आत ठेवली.

त्यांना नवी टोपी आणून द्यायची आहे, आणि तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून.